बलक सुटला, तूप नाही सुटलं

अमेरिकेच्या २०१५-२० च्या आहारसूचनांतून रोजची ३०० मिलिग्रॅम कोलेस्टेरॉलची मर्यादा गेली, म्हणून आता अंडी-तूप बिनधास्त खा, असं वाचनात आलेल्या एका लेखाचे लेखक म्हणतात. पहिलं खरं, दुसरं नाही. शरीरातलं बरंचसं कोलेस्टेरॉल शरीर स्वतःच बनवतं, त्यामुळे अंड्याच्या बलकाचा परिणाम बहुतेकांवर मर्यादितच. पण खाण्यातली संपृक्त चरबी (सॅच्युरेटेड फॅट) वाढली की यकृत रक्तातलं एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, कमी उचलतं आणि ते वाढत जातं. त्याच सूचनांत संपृक्त चरबी एकूण कॅलरीच्या १० टक्क्यांच्या आत ठेवा, असंही आहे. ते लेखात सोयीस्करपणे गाळलंय. साजूक तुपातली निम्म्याहून जास्त चरबी संपृक्तच (आजी काहीही म्हणो). घरात कुणाला पन्नाशीच्या आत हार्ट अटॅक आला असेल, तर डॉक्टरांना विचारून लिपोप्रोटीन-ए (रक्तातला कोलेस्टेरॉल वाहणारा, हृदयविकाराचा धोका वाढवणारा कण) एकदा तपासा. ते आनुवंशिक असतं, पथ्याने फारसं हलत नाही.