खेळ मागाहून घ्या, आधी चार माणसे जमवा

"आमच्या भागात बोर्ड गेम खेळणाऱ्यांचा गट सुरू करायचा आहे, कोणते खेळ विकत घेऊ?" हा प्रश्न मला हल्ली वरचेवर विचारला जातो. विचारणाऱ्यांचा उत्साह खरा असतो, पण मला वाटते की खरेदीचा विचार त्यांनी सर्वांत शेवटी करावा. कोथरूडमध्ये आम्ही काही जण रविवारी संध्याकाळी नियमाने जमतो. तिथे जे पाहिले त्यावरून एवढे म्हणता येईल की, पहिल्यांदाच आलेल्या, कोणालाही न ओळखणाऱ्या माणसाचा पहिला अर्धा तास कसा जातो, यावर गटाचे पुढचे सगळे अवलंबून असते. तो अर्धा तास चांगला गेला तर माणूस पुढच्या वेळी मित्राला घेऊन येतो, आणि वाईट गेला तर कपाटात कितीही महागडी खोकी असली तरी तो फिरकत नाही.

सुरुवातीला चार माणसे पुरतात. 'अझुल', 'पँडेमिक' आणि मूळ 'कटान' हे खेळ चार जणांपर्यंतच खेळता येतात, 'कारकासोन' आणि 'टिकट टू राईड' पाच जणांपर्यंत. त्यामुळे आठ जण आले तर चार-चारांची दोन टेबले लावावीत. सर्वांनी मिळून एकच खेळ खेळायचा आग्रह धरला, की आपली पाळी येईपर्यंत लोक मोबाइल काढतात आणि खेळातले लक्ष जाते ते जातेच. जागा शक्यतो सार्वजनिक असावी. सोसायटीचे सभागृह, एखाद्या वाचनालयाची खोली, गर्दी नसलेल्या वेळेचे उपाहारगृह, काहीही चालेल. पण अनोळखी माणसांना, विशेषतः एकट्या येणाऱ्या स्त्रियांना, पहिल्याच भेटीत कोणाच्या तरी घरी बोलावणे योग्य नाही. वार आणि वेळ एकदा ठरली की ती बदलू नये. "या आठवड्यात कोणाला कधी जमेल?" असे दर वेळी विचारणारे गट माझ्या डोळ्यांदेखत विरून गेले आहेत, कारण सगळ्यांना जमेल असा दिवस पुण्यात तरी उगवत नाही.

आता नियम समजावण्याविषयी सविस्तर लिहितो, कारण बहुतेक संध्याकाळी तिथेच बिघडतात. खेळाचा मालक नियमपुस्तिका उघडतो आणि पहिल्या पानापासून वाचू लागतो. दहाव्या मिनिटाला ऐकणाऱ्याचे डोळे जड होतात, आणि आपणच मंद आहोत असे त्याला वाटू लागते. याऐवजी आधी जिंकायचे कसे ते सांगावे, मग पाळी आल्यावर काय करता येते ते, आणि अपवाद ज्या वेळी समोर येतील त्या वेळी. 'टिकट टू राईड' घ्या. शेवटी ज्याचे गुण जास्त तो जिंकतो. गुण मिळतात ते रेल्वेमार्ग व्यापल्याबद्दल आणि हातातल्या तिकिटांवरची शहरे जोडल्याबद्दल, मात्र अपुऱ्या राहिलेल्या तिकिटाचे गुण वजा होतात. पाळी आली की तीनपैकी एकच गोष्ट करायची: रेल्वेच्या डब्यांचे पत्ते उचलायचे, मार्ग व्यापायचा किंवा नवी तिकिटे घ्यायची. एवढ्यावर खेळ सुरू होऊ शकतो. उघड्या पत्त्यांतले इंजिन उचलले तर त्या पाळीत दुसरा पत्ता मिळत नाही, हे कोणी इंजिनाकडे हात नेईल तेव्हा सांगितले तरी चालते. आणि हे सगळे मराठीत सांगावे. मराठी माणसांनी मराठी माणसांना नियम तेवढे इंग्रजीत समजावून देण्याची पद्धत का पडली आहे, हे मला कळलेले नाही.

पहिला खेळ निवडताना एकच कसोटी लावतो: त्यातून कोणी मध्येच बाद होते का? आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी 'व्यापार' खेळला आहे, आणि दिवाळे निघाल्यानंतर भावंडांची हॉटेले मोजत बसण्याचा कंटाळाही अनुभवला आहे. त्या खेळाचा मूळपुरुष, किंबहुना मूळस्त्री, म्हणजे अमेरिकेतल्या एलिझाबेथ मॅगी. त्यांनी १९०४ मध्ये पेटंट मिळवलेला 'द लँडलॉर्ड्स गेम' जमिनीच्या मक्तेदारीने बाकीच्यांची कशी गळचेपी होते हे दाखवण्यासाठी रचलेला होता. गळचेपी दाखवण्यात तो यशस्वी ठरला, असे बाद होऊन बसलेला कोणीही सांगेल. नव्या ओळखी व्हाव्यात म्हणून जमलेल्या संध्याकाळी मात्र तो टेबलावर नसावा.

'कटान'विषयी माझे मत थोडे वेगळे आहे, आणि त्यावरून आमच्याकडेही वाद होतात. क्लाउस टॉयबर यांचा हा जर्मन खेळ १९९५ चा. त्याने जगभर असंख्य लोकांना या छंदाकडे ओढले हे खरे, आणि मालाच्या देवाणघेवाणीमुळे अनोळखी माणसेही लगेच बोलू लागतात, हेही खरे. पण फाशांवर ज्या आकड्याचे दान पडेल त्याच आकड्याच्या जागांशेजारच्या वस्त्यांना माल मिळतो, आणि दोन फाशांच्या ३६ शक्यतांपैकी सहाचे किंवा आठचे दान पाच-पाच प्रकारे पडते, तर दोनचे आणि बाराचे एकेकाच प्रकारे. हे ज्याला माहीत नाही तो आपल्या पहिल्या वस्त्या भलत्या ठिकाणी मांडतो आणि पुढचा तासभर रिकाम्या हाताने बसतो. बाद होत नाही, पण खेळतही नाही. नवख्यांसाठी ठरावीक मांडणी नियमपुस्तिकेत दिलेली असते. निदान ती तरी वापरावी. त्यापेक्षा 'कारकासोन' मला अधिक पसंत आहे. पाळी आली की एक चौकोन उचलायचा आणि तो नकाशात बसेल तिथे लावायचा. उचललेला चौकोन सर्वांना दिसत असल्यामुळे शेजारी बसलेल्यालाही "इथे लावून बघा" असे म्हणता येते. शेतकऱ्यांचे, म्हणजे शेतात सोंगटी ठेवून शेवटी गुण मोजण्याचे, नियम तेवढे पहिल्या डावात वगळावेत.

घरातली वडीलधारी मंडळी येणार असतील तर 'द क्रू' हा पत्त्यांचा खेळ आवर्जून ठेवावा. 'मेंढीकोट' ज्यांच्या अंगात मुरलेला आहे त्यांना रंग चालवणे, हुकूम मारणे आणि न बोलता भिडूच्या हाताचा अंदाज घेणे शिकवावे लागत नाही. इथे फरक एवढाच की टेबलावरचे सगळेच एकमेकांचे भिडू असतात, आणि कोणते पत्ते कोणी जिंकायचे हे आधी ठरलेले असते. आमच्याकडच्या एका निवृत्त काकांनी पहिल्याच संध्याकाळी तरुणांना रंग कसा मोजायचा ते शिकवले, आणि नियम सांगणारा बाजूला बसून ऐकत राहिला. शिवाय सहकाराने खेळायच्या खेळांमधला नेहमीचा दोष इथे बराच टळतो. 'पँडेमिक'मध्ये एखादा जाणकार बाकी तिघांच्या पाळ्याही स्वतःच खेळू लागतो; 'द क्रू'मध्ये पत्ते झाकलेले आणि बोलण्यावर बंधन असल्यामुळे त्याला ते जमत नाही.

वागण्याचे नियम थोडेच असावेत, पण ते कोणीतरी पाळायला लावावेत. न विचारता सल्ला देऊ नये, हरलेल्याच्या चुकांची उजळणी करू नये, आणि पैसे लावून खेळू नये. शेवटच्या नियमात तडजोड नाही. महाराष्ट्रात जुगाराविरुद्ध १८८७ पासूनचा कायदा आहे. पण त्याहून जवळची अडचण अशी की, सभागृहात पत्त्यांचा अड्डा भरतो असा संशय सोसायटीच्या सचिवांना एकदा आला, की मग तुम्ही कितीही खुलासा करा, किल्ली मिळत नाही. खाणे-पिणे दुसऱ्या टेबलावर आणि दोन डावांच्या मध्ये. पावसाळ्यात पत्ते आधीच दमट होतात, त्यात भज्यांचे तेल लागले की दोन-चार हजारांचा खेळ गेलाच म्हणून समजा. पत्त्यांना प्लॅस्टिकची आवरणे घालणे स्वस्त पडते.

खेळांच्या किमती जास्त असल्यामुळे वर्गणी काढून सामाईक संग्रह करावा, असे पुष्कळांना वाटते. मी निदान पहिले वर्षभर तरी त्याच्या विरोधात आहे. सामाईक संग्रह झाला की तो कोणाच्या घरी राहणार, हरवलेल्या सोंगटीचे पैसे कोण देणार, यावर बैठका सुरू होतात आणि खेळायचे राहून जाते. ज्याचा खेळ त्याने आणावा आणि त्यानेच घरी न्यावा. जागेचे भाडे व चहाचा खर्च त्या त्या दिवशी आलेल्यांनी वाटून घ्यावा. ऑनलाइन बाजारात निम्म्याहून कमी किमतीत मिळणाऱ्या नकली प्रतींचा मोहही टाळावा, कारण फिकट छपाई आणि चिकटून बसणारे पत्ते नव्या माणसाचा रस घालवतात.

गट वाढला की एक वेगळाच प्रश्न उभा राहतो. पाच-सहा टेबले झाली की जुने खेळाडू आपापल्या आवडत्या जड, म्हणजे लांबलचक आणि गुंतागुंतीच्या, खेळांभोवती गोळा होतात आणि दारात उभ्या असलेल्या नव्या माणसाला "या, बसा" म्हणायला कोणी उरत नाही. यासाठी आम्ही दर वेळी एका जुन्या खेळाडूला यजमान नेमतो. तो पहिला तासभर स्वतःच्या आवडीचे काही खेळत नाही. लांबून येणारे तिघे-चौघे झाले, तर त्यांना त्यांच्याच भागात नवा गट सुरू करायला सांगावे, आणि पहिले दोन महिने आपल्याकडचे दोन सोपे खेळ व नियम नीट समजावणारा एक माणूस त्यांना उसना द्यावा.