सोलापूरच्या पाण्यात झाडं जगत नाहीत म्हणणाऱ्या त्या मेसेजबद्दल

गेले काही दिवस आपल्याकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय, मलाच चार जणांनी पाठवला. त्याचा सारांश असा, की सोलापुरात फिशटँकमध्ये जिवंत झाडं लावू नका, कारण आपलं पाणी जड, त्यात झाडं पंधरा दिवसांत कुजतात, रात्री झाडं ऑक्सिजन खातात आणि उन्हाळ्यात मासे मरतात, सीओटूचा (कार्बन डायऑक्साइडचा) सिलेंडर आणि महागडी लाईट घेतल्याशिवाय काही वाढत नाही, वरून शेवाळ येतं, म्हणून सरळ प्लॅस्टिकची लावा. माझ्या हॉलमध्ये तीन फुटी टँक आहे आणि त्यात सात वर्षं झाडं आहेत, इथलंच पाणी, इथलाच मे महिना. हे वाचून कितीतरी लोकांनी टँकमधली झाडं उपटली असतील म्हणून एकेक मुद्दा घेतो.

पहिलं जड पाणी. पाणी जड आहे हे खरंच आहे, बोअरचं तर आहेच, बादलीला आणि गिझरला पांढरा थर धरतो तो सगळ्यांनी बघितलाय. पण जड पाणी म्हणजे झाडाला विष हे कुणी सांगितलं? जड पाण्यात बायकार्बोनेट भरपूर असतं आणि व्हॅलिस्नेरिया, हायड्रिला, हॉर्नवर्ट ही झाडं त्या बायकार्बोनेटमधनंच आपल्याला लागणारा कार्बन काढून घेतात. म्हणजे जे पाणी आपण खराब म्हणतोय ते त्यांच्यासाठी खाद्य आहे. माझ्याकडच्या व्हॅलिस्नेरियाच्या जुन्या पानावरनं बोट फिरवलं की खरखरीत लागतं, नखानं खरवडलं की पांढरी भुकटी निघते. तो रोग नाही, झाडानं कार्बन घेतल्यावर मागं उरलेला चुना पानावर बसतो. हे झाड रनर सोडतं, एकाला पिल्लू, त्या पिल्लाला पुढचं पिल्लू, मी पाच रोपं लावलेली आता मागची अख्खी काच भरलीय. आणि ही काही परदेशातनं आणलेली नाजूक वस्तू नाही, व्हॅलिस्नेरिया आणि हायड्रिला दोन्ही आपल्या देशातल्या तळ्यांत मूळचीच आहेत.

जड पाण्यात खरी अडचण येते ती लोहाची. ऊसवाल्यांना हे लगेच कळेल, चुनखडीच्या रानात उसावर केवडा पडतो ना, कोवळं पान पांढरट-पिवळं आणि शिरा तेवढ्या हिरव्या, टँकमध्ये तस्संच होतं. लोह नसतं असं नाही, पाण्याचा पीएच जास्त असला की झाडाला ते घेता येत नाही. त्याला चिलेटेड आयर्न, म्हणजे अशा पाण्यातनं पण झाडाला घेता येईल असं बनवलेलं लोह, द्यायचं, ते पण थोडं थोडं, आठवड्यातनं एकदा. शेतीच्या दुकानातली मिश्र सूक्ष्म खतं मात्र टाकू नका, त्यात तांबं असतं आणि झिंगे, गोगलगायी मरतात.

आता पंधरा दिवसांत कुजतात हा मुद्दा, आणि मला वाटतं सगळ्या गैरसमजाचं मूळ इथंच आहे. टँकसाठी म्हणून विकली जाणारी बरीच झाडं पाण्यातली नसतातच हो. लकी बांबू, ड्रॅसिनाचे पट्टेवाले प्रकार, सिंगोनियम, ही सगळी कुंडीतली झाडं. दिसतात झकास, पाण्यात बुडवली की महिना-दोन महिने तग धरतात आणि मग बुडातनं सडायला लागतात, पाण्याला वास येतो, मासे आजारी पडतात. मला पण सुरुवातीला एका दुकानात अशीच तीन झाडं वॉटर प्लांट म्हणून दिली होती आणि त्यांच्यापायी माझे सहा गप्पी गेले, अजून वाईट वाटतं. ओळखायची एक सोपी खूण सांगतो, झाड पाण्यातनं बाहेर काढा. बाहेर काढल्यावर पण काठीसारखं ताठ उभं राहिलं आणि पान कडक, मेणचट लागलं तर शंका घ्या, पाण्यातली बरीचशी झाडं बाहेर आली की ओल्या फडक्यासारखी लोंबतात. अनुबियास आणि जावा फर्न याला अपवाद, त्यांची पानं कडकच असतात.

दुसरी गोष्ट, खरी पाण्यातली झाडं पण नवीन लावल्यावर पानं गाळतात. क्रिप्टोकोरीनची तर अख्खी पानं विरघळून जातात, लोकांना वाटतं मेलं आणि उपटून टाकतात. उपटू नका! मुळं जिवंत असतात, तीन-चार आठवड्यांत नवीन पान येतं आणि ते पाण्यातच जन्मलेलं असल्यामुळं टिकतं. अनुबियास आणि जावा फर्न कुजण्याचं कारण वेगळं, त्यांचं आल्यासारखं आडवं खोड असतं ते लोक वाळूत पुरतात. पुरलं की सडलंच. ते दगडाला बांधायचं आणि बांधायला आपल्या सोलापूरइतकी सोय कुठं नाही, कुठल्याही लूमवाल्याकडं कोरं सुती सूत मिळतं, रंगवलेलं घेऊ नका. तीन-चार वेढे द्या, सूत कुजून जाईपर्यंत झाड दगडाला धरतं. दगड आपला काळा पाषाण चालतो, पण नदीची वाळू घेतली तर आधी त्यावर व्हिनेगर टाकून बघा, फसफसलं तर चुनखडी आहे, पाणी अजून जड होणार.

रात्री ऑक्सिजन खातात. बरोबर आहे, खातात, मासे पण खातात, फिल्टरमधले बॅक्टेरिया पण खातात. पण दिवसा झाडं जेवढा सोडतात त्याच्या मानानं रात्री थोडाच घेतात. मे महिन्यात मासे पहाटे वर येऊन तोंड वासतात त्याचं मुख्य कारण गरम पाणी. 25 अंशाला पाण्यात लिटरमागं साधारण 8.3 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, 32 अंशाला 7.3 च, आणि गरम पाण्यात माशांना लागतो मात्र जास्त. त्यात दाटीवाटीनं मासे आणि लाईट गेल्यावर बंद पडलेला पंप, मग नाव झाडांचं. यावर उपाय म्हणजे झाकण काढून पाण्यावर छोटा फॅन लावायचा. आपली हवा कोरडी, कूलर जसा काम करतो तसंच हे, माझ्याकडं दोन-तीन अंश आरामात उतरतात. पाणी मात्र भराभरा उडतं आणि क्षार मागंच राहतात, म्हणून वरनं भरायला आरओचं किंवा साठवलेलं पावसाचं पाणी वापरा, बोअरचं नको. एअर पंप रात्री चालू ठेवा आणि उन्हाळ्यात टँकची लाईट दुपारी बंद, संध्याकाळी लावा. आमच्या टँकला कितीतरी वेळा 31-32 अंश झालेत, अनुबियास, व्हॅलिस्नेरिया, क्रिप्टोकोरीन, अमेझॉन स्वोर्ड यांना काही झालं नाही. जावा मॉस मात्र त्या गरमीत तपकिरी पडतं, ते आपल्याकडं मला तरी जमवण्यासारखं वाटत नाही.

सीओटू सिलेंडर लागतो तो लालभडक रोटालाला आणि जमिनीवर पसरणाऱ्या गालिचासारख्या झाडांना. वर सांगितलेल्या झाडांना साधी 6500 केल्विनची पांढरी एलईडी पुरते, सहा ते आठ तास. सीओटूच्या ऐवजी पाण्यात ओतायला म्हणून विकतात ते बाटलीतलं लिक्विड कार्बन तर घेऊच नका, व्हॅलिस्नेरिया त्यानं विरघळते.

शेवाळाचं अगदी उलटं आहे. शेवाळ येतं जास्त लाईट आणि जास्त खाद्यामुळं, खिडकीतलं ऊन टँकवर पडत असेल तर येणारच. झाडं माशांच्या घाणीतला अमोनिया स्वतः शोषून घेतात, म्हणजे शेवाळाच्या तोंडचा घास काढतात. आपल्याकडं नळाला रोज पाणी येत नाही, अशा गावात ज्या टँकला पाणी कमी वेळा बदलावं लागतं त्याची किंमत काय आहे ते मी सांगायला नको. बदललेलं पाणी मी कुंड्यांना घालतो, तुळस जोरात आहे. प्लॅस्टिकचं झाड यातलं काहीच करत नाही, उलट त्याच्या कडांनी बेट्टा आणि गोल्डफिशचे पर फाटतात.

ज्यांना सुरुवात करायचीय त्यांनी व्हॅलिस्नेरिया आणि एक अनुबियास एवढंच घ्या, महिनाभर बाकी काही नको. माझ्याकडं दर महिन्याला ओंजळभर व्हॅलिस्नेरिया छाटून निघते, ग्रुपमधल्या कुणाला पाहिजे असेल तर झाकणाचा डबा घेऊन या, पैसे नकोत. तुमच्याकडं पण जास्त झाली तर अशीच कुणाला तरी द्या नाहीतर वाळवून कुंडीत घाला, तेवढी तलावात टाकू नका.