कागद तलासच्या कैद्यांनी आणला नाही

दर काही महिन्यांनी फिरून येणारा एक मजकूर आहे: ‘चीनने साडेसहाशे वर्षे कागदाचे गुपित जपले. ७५१ साली मध्य आशियात तलास नदीकाठी अरबांनी चिनी सैन्याला हरवले. कैद्यांत कागद करणारे सापडले, त्यांनी समरकंदला पहिला कारखाना काढला आणि कागद जगाला मिळाला.’ लढाई झाली, चिनी हरले, कैदीही पकडले गेले. बाकीचे तपासून घ्यावे लागते.

‘गुपित जपले.’ कुणापासून? जपानच्या निहोन शोकी या इतिवृत्तात ६१० सालची नोंद आहे की, कोरियातल्या गोगुर्यो राज्याहून आलेल्या दामजिंग या भिक्खूला कागद आणि शाई करता येत होती. म्हणजे तलासच्या १४१ वर्षे आधी. जिथे पोथ्या उतरवायच्या तिथे कागद हवाच, त्यामुळे बौद्ध धर्म पोचला की कृतीही मागोमाग पोचायची.

‘समरकंदला कागद ठाऊक नव्हता.’ इथे मजकूर पार झोपतो. समरकंद हे सोग्दी, म्हणजे मध्य आशियातल्या एका इराणी भाषेच्या व्यापाऱ्यांचे शहर आणि ही मंडळी चीनभर बस्तान बसवून होती. १९०७ मध्ये पुरातत्त्वज्ञ ऑरेल स्टाइनला वायव्य चीनमधल्या दुन्हुआंगच्या पश्चिमेला एका पडक्या टेहळणी बुरुजात त्यांची कधीच न पोचलेली पत्रे मिळाली. काळ साधारण ३१३ चा, आणि सगळी कागदावर. एक रेशमात गुंडाळून समरकंदला निघाले होते. दुसऱ्यात नवऱ्याने दुन्हुआंगला टाकलेली मिवनाय त्याला सुनावते की, तुझी बायको होण्यापेक्षा कुत्र्याची नाहीतर डुकराची झालेली परवडली.

६३९ मध्ये समरकंदच्या एका माणसाने आजच्या शिंजियांगमधल्या तुर्फानला एका भिक्खूला दासी विकली, किंमत १२० द्राख्मा (चांदीची नाणी). तो सोग्दी करारही कागदावरच आहे. समरकंदच्या पूर्वेच्या पंजीकंद या सोग्दी शहराचा राजा देवाश्तीच ७२२ मध्ये मारला गेला. मुघ डोंगरावर सापडलेल्या त्याच्या दफ्तरात चामडे आणि काठ्यांबरोबर कागद आहे. आणि खुद्द समरकंद अरबांनी घेतले ते ७१२ मध्ये. तलासच्या ३९ वर्षे आधीपासून ते कागद वापरणाऱ्यांवर राज्य करत होते!

वापरणे वेगळे, बनवणे वेगळे, हा आक्षेप रास्त आहे. मुघच्या काही कागदांच्या एका बाजूला चिनी मजकूर आहे, म्हणजे ते आयात झालेले.

‘कृती चिनी कैद्यांनी शिकवली.’ यासाठी कागदच उलगडून पाहावा. चीनमध्ये कागदी तुतीची साल मुबलक होती. मध्य आशियाच्या कोरड्या मुलखात ती कुठून मिळणार? तिथला कच्चा माल म्हणजे जुने कापड आणि दोर. व्हिएन्नाचे वनस्पतिशास्त्रज्ञ यूलिउस वीस्नर यांनी स्टाइनला मिळालेल्या पत्रांचे तंतू सूक्ष्मदर्शकाखाली तपासले, तर निव्वळ चिंध्या निघाल्या. अरबी कागदही चिंध्यांचाच. चिंध्या निवडून चुन्याच्या पाण्यात भिजवायच्या, कुजवायच्या, कुटून लगदा करायचा, धुवून कुंडीत पातळ करायचा, साच्यावर उचलून वाळवायचा. मग पिठाची खळ देऊन गुळगुळीत दगडाने घोटायचा.

खळीकडे नीट पाहा. चिनी कुंचला मऊ, त्याला शोषणारा कागद चालतो. अरबांच्या बोरूचे टोक मात्र तंतू उचकटते आणि शाई फुटते. खळ कमी पडली तर अक्षर पसरते, जास्त झाली तर घडीवर तडा जातो, वर कीड लागते. हे प्रमाण बोरूने लिहिणाऱ्यांतच ठरते. (दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याचा हातकागद याच फारसी वळणाच्या परंपरेतला, आणि ‘कागद’ हा शब्दही आपल्याकडे फारसीतूनच आला.)

कैद्यांची कथा येते ती सआलिबी या लेखकाकडून. त्याचे निधन १०३८ चे, म्हणजे लढाई आणि त्याच्यात जवळपास तीन शतकांचे अंतर. उलट तलासला पकडला गेलेला आणि ७६२ मध्ये समुद्रमार्गे चीनला परतलेला दू हुआन आपल्या वृत्तांतात अरब मुलखात भेटलेले चिनी कारागीर सांगतो: चित्रकार आणि विणकर. कागद करणारा एकही नाही.

७५१ नंतर कागद झपाट्याने पसरला, हे मात्र खरे. त्यामागे बगदादची सरकारी दफ्तरे होती. खलिफा हारून अल-रशीदने दफ्तरांना कागद सक्तीचा केला, त्याचे कारण अरबी लेखकांनीच दिले आहे: चामड्यावरचे अक्षर खरवडून आकडा बदलता येतो, कागदावर खरवडले की कागदच बिघडतो आणि लबाडी दिसते.