ह्यातला आपला कोण?

गेल्या आठवड्यात शाहू स्टेडियमवर आपल्या तालमीच्या संघाची फुटबॉल मॅच बघून आलो, तेव्हापासून हे लिहायचं मनात आहे. तालमीचं नाव घालत नाही. पेठेतली माणसं दोन ओळींत ओळखतील. आणि थोड्याफार फरकानं हेच दुखणं कोल्हापुरातल्या अजून चार-पाच तालमींचं आहे, हे रोज गॅलरीत बसणाऱ्या कुणालाही विचारा.

चार गोल खाल्ले आपण. मला फार काही वाटलं नाही. आणि फार काही वाटलं नाही, हेच दोन दिवस डोक्यातून जाईना.

माझ्या भावाचा मुलगा सात वर्षांचा आहे. पहिल्यांदाच मॅचला आला होता. हातात भडंगाचा पुडा, डोक्यावर माझी टोपी. अर्धा तास गप्प बसून बघितलं त्यानं. मग माझा शर्ट ओढून विचारलं, "काका, ह्यातला आपल्या गल्लीतला कोण हाय?" मी मैदानाकडं बघितलं. गोलकीपर बाहेरचा. मागचे चौघं बाहेरचे, त्यातल्या दोघांची मला नावंही माहीत नव्हती, पाठीवरच्या नंबरानंच ओळखत होतो. पुढचे दोघं ह्याच वर्षी आलेले, पुढच्या वर्षी असतील का सांगता येत नाही. शेवटी मी बेंचकडं बोट केलं. तिथं ट्रॅकसूट घालून बसलेला एक पोरगा आपल्या मागच्या बोळातला. "मग त्यो खेळत का न्हाई?" ह्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं.

ह्याच वयात मी आप्पांना हेच विचारलं होतं. सायकलच्या दांड्यावर बसून गेलो होतो. आप्पांनी एकेक करून सगळा संघ दाखवला होता. त्यो सात नंबरचा बघ, आपल्याला दूध घालतोय त्याचा थोरला. त्यो बॅक, सकाळी आपल्याकडं पेपर टाकतोय. गोलमध्ये हाय त्यो तुझ्या आत्याच्या शेजारचा. दुसऱ्या दिवशी सकाळी तो बॅक पेपर टाकायला आला तेव्हा मी दारात उभा राहून त्याच्या पायांकडं बघत होतो. नडगीला हळद लावलेली होती आणि तो नेहमीसारखाच घाईत होता. त्या दिवसापासून मी ह्या संघाचा झालो. संघ जिंकला म्हणून कुणी आपल्या तालमीचा होत नसतो, तो असाच होतो.

बाहेरगावच्या लोकांना आपल्या संघांची नावं ऐकून नवल वाटतं. फुटबॉलचा संघ आणि नाव तालीम मंडळ? पण इथं आधी कुस्ती आली. शाहू महाराजांनी मल्लांना आश्रय दिला, १९१२ मध्ये खासबागेचं मैदान उभं राहिलं, पेठेपेठेत तालमी नांदत होत्या. पुढं छत्रपती घराण्याच्याच पाठबळावर फुटबॉल रुजला आणि तो ह्याच तालमींच्या अंगणात वाढला. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, जुना बुधवार, संध्यामठ, नुसती नावं घेतली तरी गल्ल्या, माणसं, घरं डोळ्यांसमोर येतात. आखाड्यात जसा पेठेचा पैलवान उतरायचा, तशी मैदानात पेठेची अकरा पोरं उतरायची. मॅच हरली की रात्री पेठेत चुली गप्प असायच्या, जिंकली की तांबडा-पांढरा ठरलेला. हलगी, घुमकं, कैताळ घेऊन गॅलरीत बसणारी आमची एक टोळी होती. हलगी वाजवणारा भर उन्हात मफलर बांधून यायचा, कातडं तापवायला कागद पेटवायचा, आणि तो धूर आला की समोरच्या बाजूला कळायचं की आपण आलोय. तो ह्या वर्षी एकदाही आला नाही. भेटला तेव्हा विचारलं. म्हणाला, "कुणासाठी वाजवू सांग की."

हे एका रात्रीत झालेलं नाही. स्पर्धा वाढल्या, नेत्यांच्या नावाचे चषक आले, बक्षिसं लाखांत गेली. त्यात वाईट काही नाही, पैसा खेळात यायलाच पाहिजे. पण त्याबरोबर ह्याच वर्षी, ह्याच चषकाला जिंकायचंय, ही घाई आली. घाईला तयार माल लागतो. मग गोव्याचे, मुंबईचे, बंगालचे, केरळचे खेळाडू आले, परदेशीही आले. पहिल्या वर्षी आपण कप उचलला. मी नाचलो. पेठेतले सगळेच नाचलो. त्या वर्षी आपल्या ज्युनिअर संघाचा सराव बंद पडला, तिकडं आपलं कुणाचंच लक्ष गेलं नाही. मग निवडणूक झाली, पैसा घालणाऱ्यांचं काम झालं, हात आखडले. चांगले खेळाडू जिथं पैसे तिथं गेले, आणि त्यांच्या जागी उतरवायला खाली कुणीच तयार नव्हतं. आता सोळा संघांच्या वरिष्ठ गटातून खाली घसरायची वेळ आली तेव्हा सगळे विचारतायत, असं कसं झालं? असंच झालं.

बाहेरून आलेल्या पोरांना मी एका शब्दानं बोलणार नाही. त्यातला केरळचा एकजण दोन वर्षांपूर्वी तालमीच्या माडीवरच्या खोलीत राहायचा. एकवीस वर्षांचा होता. खाली चटई, भिंतीला मोबाईलचा चार्जर, खिडकीच्या गजाला वाळत घातलेले मोजे, एवढाच संसार. एकदा दोन दिवस दिसला नाही म्हणून वर गेलो तर तापानं फणफणलेला, पांघरायला तालमीचा फ्लेक्स घेतलेला. घरी आणला. आईला त्याचं काही कळायचं नाही आणि त्याला आईचं. तिनं गुरगुट्या भात केला आणि बशीत मीठ-लिंबू ठेवलं. तो ताटाला नमस्कार करून जेवला. ठरलेल्या पैशातले निम्मेसुद्धा त्याला मिळाले नाहीत. सीझन संपायच्या आधी एका रात्री तो निघून गेला. जाताना आईच्या पाया पडून गेला, कमिटीतल्या कुणाला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी आपल्याच कट्ट्यावर त्याला 'पळपुटा' म्हटलं गेलं. मी तिथं होतो आणि मी भांडलो, हे आज सांगतो.

आता सगळ्यात अवघड गोष्ट लिहितो. कमिटीला नावं ठेवणं सोपं आहे, आणि ती ठेवायलाच हवीत, हिशोब मागायलाच हवा. पण गॅलरीनं काय केलं?

सहा-सात वर्षं झाली. आपल्याच पेठेतला गोलकीपर होता, सतरा वर्षांचा. उंच, लांब हातांचा, अबोल. घरची परिस्थिती बेताची. पहिल्यांदाच मोठ्या मॅचला उभा केला होता, कारण नेहमीचा बाहेरचा कीपर आला नव्हता. पाऊण मॅच त्यानं एकट्यानं धरून ठेवली. दोन बॉल असे अडवले की समोरच्या गॅलरीतूनही टाळ्या आल्या. आणि मग एक साधा, जमिनीवरून घरंगळत आलेला बॉल त्याच्या हातातून सुटला, दोन पायांच्या मधून गेला. आपण एका गोलनं हरलो. त्यानंतरची दहा मिनिटं मी आयुष्यात विसरणार नाही. आपल्याच गॅलरीतून त्याला आईवरून शिव्या. पाण्याच्या बाटल्या. "किती घेतलेस?" म्हणून ओरडणारे. सतरा वर्षांचं पोर, गोलपोस्टला हात धरून खाली बघत उभं होतं. त्याचे हातमोजे कुणाचे तरी जुने होते, अंगठ्याला शिवलेले. मी शिवी दिली नाही. पण मी गप्प बसलो. शेजारी ओरडणाऱ्याचा हात धरला नाही. मॅच संपल्यावर पोरगं कुठं गेलं, हेही बघितलं नाही.

तो पुन्हा खेळला नाही. आता शिरोली एमआयडीसीत कामाला आहे. सकाळी पाळीला जाताना दिसतो, मान हलवतो, पुढं जातो. तालमीसमोरून जायचं टाळतो, पलीकडच्या बोळानं जातो. पुढच्या सीझनला कमिटीनं बाहेरचा कीपर आणला आणि आपण सगळे म्हणालो, बरं झालं. पेठेतल्या कुठल्या आईबापांनी त्यानंतर आपलं पोर त्या गोलमध्ये उभं करायचं? बाहेरची पोरं आली आणि आपली मागं पडली, असं आपण म्हणतो. पण आपली पोरं मैदानात हरायच्या आधी गॅलरीनं त्यांना हरवलंय.

हुल्लडबाजीबद्दलही तेच. दगडफेक, मैदानात घुसणं, पोलिसांनी थांबवलेल्या मॅचेस, हे सगळं ईर्षेच्या नावाखाली खपवलं आपण. ईर्षा मला पण आहे. पण चार टाके पडलेलं पोर घरी गेल्यावर त्याची आई दुसऱ्या दिवशी धाकट्याला सरावाला पाठवत नाही. एवढा साधा हिशोब आहे.

आणि जागा. तालमीमागच्या पटांगणावर आम्ही अनवाणी खेळून मोठे झालो, तिथं आता चारचाकी लागतात. गांधी मैदानावर जावं तर पावसाळ्यात पाणी उतरायचं नाव घेत नाही. तिथं पूर्वी वरुणतीर्थ तळं होतं, पाण्याला आपली जागा आठवते. पण म्हणून दरवर्षी पोरांचे दोन-तीन महिने घालवायचे का? २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव भारताकडून खेळला, तेव्हा चौकाचौकात त्याचे फलक लागले. अभिमान वाटलाच. पण तो पोरगा लहानपणीच पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला आणि तिथं त्याला रोजचं मैदान, रोजचा प्रशिक्षक आणि रोजचं जेवण मिळालं. आपल्या पेठेत तसा पोरगा आज असला तर आपण त्याला काय देणार आहोत?

पैसा नाही, असं मला कुणी सांगू नये. १८ डिसेंबर २०२२ च्या रात्री अर्जेंटिना जिंकली तेव्हा मी पण रस्त्यावर होतो. गुलाल, फटाके, डोकं हलवणारा आवाज. महिनाभर मेस्सी आणि नेमारचे दोन-दोन मजली कटआउट उभे होते, पट्टी काढून उभे केलेले. ती हौस आपली खरी आहे, तिला मी नावं ठेवत नाही. पण त्याच महिन्यात आपल्या चौदा वर्षांखालच्या पोरांनी बुटांसाठी पावती पुस्तक फिरवलं होतं आणि अर्धं पुस्तक कोरं परत आलं. ते पुस्तक मी बघितलंय.

पुण्यातला माझा मेहुणा एफसी पुणे सिटीचा पक्का समर्थक होता. बालेवाडीला नारंगी शर्ट घालून जायचा. २०१८ मध्ये त्यांचा संघ उपांत्य फेरीपर्यंत गेला, आणि २०१९ मध्ये क्लबच बंद झाला. इंडियन सुपर लीगमधली त्यांची जागा हैदराबादला गेली. मालकाला परवडलं नाही, विषय संपला. समर्थकांनी कुणाकडं दाद मागायची? तो शर्ट अजून त्याच्या कपाटात आहे. मला तो दरवेळी म्हणतो, "तुमचं बरं आहे, तुमची तालीम कुणी उचलून नेऊ शकत नाही." खरं आहे. आपला मालक कुणी नाही, पेठ आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा शहरात शिरली तेव्हा आपल्या तालमीतली पोरं छातीएवढ्या पाण्यातून म्हाताऱ्यांना पाठीवर घेऊन येत होती, शाळेत लावावी तशी रांग लावून जेवण वाटत होती. तेव्हा कुणी विचारलं नाही की ह्याचे किती मिळणार. पोरं आहेत, जीव आहे. त्यांना खेळायला आपणच बोलावलेलं नाही.

म्हणून माझं मागणं सरळ आहे. ह्या वर्षी खाली घसरलो तर घसरू. पुढच्या सीझनच्या नोंदणीत निम्मे खेळाडू पेठेतले घ्या, आणि त्यातले निदान पाच जण पहिल्या मिनिटापासून उतरवा. बाहेरचे जे येतील त्यांचे ठरलेले पैसे फळ्यावर लिहा आणि वेळेवर द्या. वर्षाचा हिशोब तालमीच्या दारात लावा. दोन वर्षं हरलो तरी कुणी तोंड उघडणार नाही, ह्याची हमी गॅलरीनं द्यायची. मी माझ्यापुरती देतो.

काल संध्याकाळी त्या गोलकीपरच्या घरी गेलो. सात वर्षं लावली मी जायला. त्याला म्हटलं, माझं चुकलं, त्या दिवशी मी बोलायला पाहिजे होतं. तो बराच वेळ काही बोलला नाही. त्याच्या आईनं चहा आणला. मग त्यानं विचारलं, लहान पोरांत कीपर कोण आहे? म्हटलं, कुणीच नाही, उभं राहायला कुणी तयार होत नाही. म्हणाला, "रविवारी सुट्टी असती मला."

येत्या रविवारी सकाळी सहाला गांधी मैदानावर दहा ते चौदा वयाची पोरं जमवतोय. बूट नसले तरी चालतील, अनवाणी या. माझ्याकडं दोन बॉल आहेत, एकाला हवा धरत नाही. कुणाकडं लहान मापाचे कीपरचे हातमोजे असतील, जुने, शिवलेले, कसेही, तर शनिवारी रात्रीपर्यंत माझ्या घरी आणून द्या.