तारखा बरोबर, कारणं भलतीच

जळगाव-धुळ्याकडच्या वाचनगटांत एक मजकूर फिरतोय: ‘इतिहासाची जाड पुस्तकं कशाला? ऐतिहासिक कादंबरी वाचा. नावं, तारखा खऱ्याच असतात, लेखक भावना तेवढी घालतो. क्रांती जशी घडली तशी कळते.’

तारखांवरून भांडण नाही. त्या ताडून पाहणं सोपं, म्हणून तिथे लेखक सहसा जपून असतो. घोळ होतो तो कारणांत.

फ्रेंच राज्यक्रांतीतल्या बॅस्तीलचंच घ्या, म्हणजे पॅरिसमधल्या तुरुंग-किल्ल्याचं. गोष्टीत जमाव कैदी सोडवायला धावतो. १४ जुलै १७८९ ला आत कैदी होते सात: चार बनावट हुंड्या करणारे, दोन वेडे, एक उमराव. त्या सकाळी लोकांनी अँव्हालीद या पॅरिसमधल्या लष्करी वास्तूतून तीसेक हजार बंदुका उचलल्या होत्या, पण त्यांत भरायला दारू नव्हती. ती २५० पिंपं आधीच बॅस्तीलमध्ये हलवलेली. मोर्चा तिकडे वळला तो त्यासाठी. आता पिंपांवर प्रकरण संपवलं तर रंगत नाही, साखळ्या तोडल्या की रंगतं!

‘भावना तेवढी’ हेही खरं नाही. भावनेला चेहरा लागतो, आणि चेहरा निवडला की बाकीचे गळतात. याच क्रांतीतलं दहशतपर्व, म्हणजे विरोधकांना मृत्युदंड देण्याचा काळ, म्हटलं की पॅरिस, गिलोटिन आणि सरदार-दरकदार डोळ्यांपुढे येतात. प्रत्यक्षात रीतसर शिक्षा होऊन मेलेले सुमारे १७ हजार. त्यांत उमराव एक दशांशाहूनही कमी आणि पॅरिसमधले जेमतेम २,६००. बाकीचे बहुतेक बंडखोर प्रांतांतले शेतकरी, कारागीर.

आपल्याकडे १८५७ च्या उठावातला भिल्ल नायक खाज्या नाईक याच्यावर लिहिताना हीच अडचण येते. कादंबरीला एक अपमान आणि एक शपथ पुरते. पण हा माणूस इंग्रजांच्याच पगारावर सेंधवा घाट राखत होता. नोकरी गेली, तुरुंग झाला, १८५७ मध्ये पुन्हा कामावर घेतलं, आणि मग तो इंग्रजांविरुद्ध उठला. शिवाय ११ एप्रिल १८५८ ला भिल्ल बंडखोर आणि इंग्रज यांच्यात अंबापाणीची लढाई झाली तेव्हा खानदेशातली भिल्ल पलटण इंग्रजांच्या चाकरीत होती. ती १८२५ पासूनची.

कादंबरी जरूर वाचा, वही घेऊन. प्रत्येक प्रकरणापुढे तारीख लिहा, मधले किती महिने गाळले ते मांडा. धान्य कुठून आलं, पैसे कोणी दिले, हे शोधा. १४ एप्रिल १९४४ ला धुळ्याकडच्या चिमठाण्यात क्रांतिकारकांनी सरकारी खजिना लुटला, त्याचं वर्णन हाती आलं, तर ते साडेपाच लाख रुपये पुढे नेले कसे, याला किती पानं दिलीत तेही मोजा.