ताईची सही

परवा दुय्यम निबंधक कार्यालयात गेलो होतो. बाकावर तीन बहिणी बसलेल्या, ठेवणीतल्या साड्या नेसून. भाऊ पेढ्यांचा पुडा घेऊन घाईघाईनं आला. काय चाललंय ते विचारावं लागलं नाही. हक्कसोड : माहेरच्या मिळकतीतला आपला वाटा बहिणींनी भावाला सोडून द्यायचा.

तेरा वर्षांपूर्वी मीही ताईला असंच नेलं होतं. सही झाली, अंगठा झाला, फोटो निघाला. येताना साडी घेतली. आपण किती गुंठे सोडले हे तिनं विचारलंही नाही. मीही सांगितलं नाही.

दोन वर्षांनी ती रात्रीच्या एसटीनं आली. डोळ्याखाली काळंनिळं. "मोरीत पाय घसरला," म्हणाली. आईनं हळद लावली, आणि चौथ्या दिवशी मीच तिला परत सोडून आलो. निघताना तिला म्हणालो होतो, "ताई, इथं तरी किती दिवस राहणार?" ज्या घरात उभं राहून हे बोललो, त्यातला तिचा हिस्सा तिच्याच सहीनं माझा झाला होता.

बायको मार का खाते, यावर आपण दारू, संशय, तापट स्वभाव असलं बरंच बोलतो. ती निघून का जात नाही, यावरही बोलतो. जायचं कुठं, हे मात्र विचारत नाही. बीना अगरवाल आणि प्रदीप पांडा या अर्थशास्त्राच्या अभ्यासकांनी केरळात, तिरुवनंतपुरम जिल्ह्यात, पाहणी केली होती. ती २००५ साली प्रसिद्ध झाली. जमीन नाही, घर नाही, अशा बायकांपैकी ४९ टक्के बायकांनी नवऱ्याचा मार सोसला होता. नुसती जमीन नावावर असलेल्यांत हे प्रमाण १८ टक्के, नुसतं घर असलेल्यांत १०, आणि दोन्ही असलेल्यांत ७. हे आकडे वाचले त्या रात्री मला झोप लागली नाही.

वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच वाटा, हा कायदा महाराष्ट्रानं १९९४ सालीच केला. देशात तो २००५ ला आला, आणि त्याच वर्षी घरगुती हिंसाचाराविरुद्धचाही कायदा झाला. नवऱ्याचं घर त्याच्या नावावर असो वा नसो, बायकोला तिथून असंच हाकलता येत नाही, असं तो कायदा सांगतो. चांगलंच आहे. पण जिथं मार पडतो तिथंच राहायचा हक्क, आणि जिथं मार पडत नाही तिथला हक्क आपण साडीच्या बदल्यात सोडवून घेतलेला!

"हिस्सा मागितला की माहेर तुटतं," असं मोठ्या बायकाच सांगतात. मागितला म्हणून तुटणारं माहेर, न मागणाऱ्या माझ्या ताईला चार दिवस पुरलं. (शिकलेल्या घरांत असं नसतं म्हणणाऱ्यांसाठी : ताई बी.एड. आहे, दाजी पदवीधर.) राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, २०१९-२१ साली, महाराष्ट्रातल्या १८ ते ४९ वयाच्या लग्न झालेल्या बायकांपैकी साधारण चारातल्या एकीनं नवऱ्याचा मार किंवा जबरदस्ती सोसल्याचं सांगितलं. ही सांगितलेली. मोरीत घसरलेल्या वेगळ्या.

गेल्या महिन्यात ताईला फोन केला. म्हटलं, तुझ्या वाट्याचं बक्षीसपत्र करून देतो, वकिलाशी बोललोय. बराच वेळ ती गप्प होती. मग म्हणाली, "तुझ्या बायकोला विचारलंस का?"

त्याच रात्री विचारलं. ती भांडी आवरत होती. "द्या की," म्हणाली. "मी माझी सही आठ वर्षांपूर्वीच दादाला दिलीय."