‘पासष्ट हजारात सांगलीत घर चालतं’ : चियांग माईच्या लेखावरील प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार. ‘काका म्हटलंत तरी चालेल’ असं तुम्हीच लिहिलंय, म्हणून तसंच म्हणते.

ज्यांनी मागचा लेख वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. थायलंडच्या उत्तरेला चियांग माईत राहून मी पुण्यातल्या कंपन्यांसाठी तांत्रिक माहितीपुस्तिका लिहिते आणि तिथे मला महिन्याला साधारण पासष्ट हजार रुपये लागतात, असं मी लिहिलं होतं. त्यावर काकांचं म्हणणं असं : पासष्ट हजारात सांगलीत चार माणसांचं घर चालतं, मग पोरांच्या डोक्यात हे ‘स्वस्त परदेश’ का भरवता? गोव्यात दिल्लीवाले येऊन घरं महाग करतात तेव्हा आपण ओरडतो आणि तिकडे जाऊन आपण तेच करायचं? कर कुठे भरता, की भरतच नाही? आईकडे कोण बघतं? आणि शेवटचं म्हणजे, काकांचा पुतण्या तो लेख वाचून नोकरीचा राजीनामा द्यायला निघालाय.

पुतण्याबद्दल शेवटी लिहिते, कारण आधीचं वाचल्याशिवाय ते पटणार नाही.

सांगलीचा हिशोब अगदी बरोबर आहे, त्यावर वादच नाही. चियांग माई स्वस्त आहे ती लंडन-बर्लिनहून येणाऱ्याला. रुपयात कमावणाऱ्याला नाही. थाई बात, म्हणजे तिथलं चलन, मी या हिशोबात पावणेतीन रुपयांच्या आसपास धरलंय. सांतीथाम भागात एका खोलीचं नीटनेटकं घर नऊ हजार बात, म्हणजे जवळपास पंचवीस हजार रुपये. वीज, पाणी, इंटरनेट मिळून दोन हजार बात. विजेचं तर विशेष सांगायला हवं. सरकारी दर युनिटला चार बातच्या आसपास, पण बरेच घरमालक सात-आठ बात लावतात. करारात तो दर लिहिलेला असतो, भाड्याच्या आकड्यावर खूश झालेला माणूस तो वाचत नाही आणि एप्रिलमध्ये एसी लावल्यावर बिल बघून हादरतो. जेवणाखाण्याला आठ हजार बात, फिरण्याला दोन. वर विमा, येण्याजाण्याची तिकिटं आणि व्हिसाचा खर्च महिन्यांवर वाटून घेतला की पासष्ट हजार होतात. ‘तीस हजारात थायलंडमध्ये राहता येतं’ असं सांगणारी मंडळी विमा आणि व्हिसा हिशोबात धरत नाहीत. मी धरते.

म्हणजे हे पुण्याच्या खर्चाच्या बरोबरीचं आहे, सांगलीपेक्षा महागच. तरी मी तिथे का राहते, हा तुमचा खरा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर पैशात नाही.

पुण्यात मी एकटीसाठी घर शोधत होते तेव्हा प्रत्येक ठिकाणी आधी ‘लग्न झालंय का’, मग ‘कोण कोण येणार-जाणार’, मग ‘रात्री किती वाजता येणार’. एका घरमालकांनी माझ्या आईशी फोनवर बोलल्याशिवाय चावी दिली नाही. तेव्हा मी तिशी ओलांडलेली होते. चियांग माईत पासपोर्टची प्रत घेतली, दोन महिन्यांची अनामत घेतली, करारावर सही झाली, चावी हातात. परदेशी माणूस राहायला आला की चोवीस तासांत इमिग्रेशनला कळवण्याची जबाबदारी घरमालकाची असते. ते त्यांनी माझ्यासमोर संगणकावर केलं. माझ्याबद्दल त्यांना एवढंच माहीत असणं पुरेसं होतं.

आणि रात्र. जुन्या शहराभोवती चौकोनी खंदक आहे, त्याच्या उत्तरेला चांग फुएक दरवाजा. तिथे संध्याकाळी खाण्याच्या गाड्या लागतात त्या रात्री उशिरापर्यंत असतात. बहुतेक गाड्यांवर बायका. एक आमटी ओतते, दुसरी पिशव्या बांधते. तो प्रकार बघण्यासारखा असतो : गरम रस्सा प्लास्टिकच्या पिशवीत ओतायचा, पिशवीत हवा धरायची, तोंडाला पीळ द्यायचा आणि रबर बँडचे झटपट वेढे मारून ती फुग्यासारखी टम्म बंद करायची. थेंब सांडत नाही. मी दहा-साडेदहाला काम आटोपून चालत जाते, पिशवी घेऊन चालत परत येते. वाटेत पाण्याचं यंत्र आहे, त्यात नाणं टाकून बाटली भरून घेते, बाताला लिटरभर. मागे वळून बघावंसं वाटत नाही. जिथे बायका रात्री उशिरापर्यंत धंदा करतात तिथे बाईला रस्त्यावर असण्याचं कारण द्यावं लागत नाही. चियांग माईत गुन्हे होत नाहीत असं मी म्हणत नाहीये. पण हा मोकळेपणा मला आपल्याकडे मिळाला नाही आणि मला तो हवा आहे. तो सांगलीत मिळाला असता तर मी सांगलीतच राहिले असते.

कामाच्या वेळेचाही एक फायदा आहे, आपल्या लोकांपुरता. थायलंडचं घड्याळ आपल्यापुढे दीड तास. पुण्यातलं ऑफिस साडेनऊला उघडतं तेव्हा तिथे अकरा वाजलेले असतात. सकाळ पूर्ण आपली. विद्यापीठाच्या आवारातल्या आंग काएव तलावाला फेरी मारून, बाजार करून मग कामाला बसता येतं. मात्र ज्यांचं काम युरोप-अमेरिकेशी आहे त्यांना हेच दीड तास उलटे पडतात. त्यांची शेवटची मीटिंग मध्यरात्रीपलीकडे जाते.

आता गोव्याचं. हा मुद्दा मला सगळ्यांत लागला, कारण तो खरा आहे. आसगाव, शिवोली भागात काय झालंय ते मी पाहिलंय. फरक इतकाच की थायलंडमध्ये परदेशी माणसाला जमीन विकत घेता येत नाही. इमारतीतला फ्लॅट घेता येतो, पण इमारतीच्या एकूण विक्रीयोग्य क्षेत्रफळाच्या ४९ टक्क्यांपर्यंतच सगळ्या परदेशी मालकांचा वाटा असू शकतो. त्यामुळे वाडीच्या वाडी बाहेरच्यांच्या नावावर होणं तिथे कायद्यातच बसत नाही. पण भाडी? निम्मानहेमिन रस्त्याच्या गल्ल्यांत कॉफीचा कप ऐंशी-नव्वद बातला मिळतो आणि तो बनवणाऱ्या मुलाचं दिवसाचं किमान वेतन चारशे बातच्या आत आहे. त्या गल्लीत त्याला घर परवडत नाही. याला एकटे परदेशी जबाबदार नाहीत, बँकॉकच्या लोकांनी गुंतवणूक म्हणून घेतलेले फ्लॅटही आहेत. तरी आपला हात त्यात आहेच.

सगळ्यांत जास्त नुकसान दिवसाच्या भाड्याने खोली देण्या-घेण्याने होतं, असं माझं मत आहे. हॉटेलचा परवाना नसताना महिन्यापेक्षा कमी काळासाठी खोली भाड्याने देणं थायलंडच्या २००४ च्या हॉटेल कायद्यात बसत नाही, तरी ॲपवर सर्रास चालतं. वर्षभर विद्यार्थ्याला मिळाली असती ती खोली अशी बाजारातून जाते. म्हणून मी वर्षाचा करार करते, थाई कुटुंबाच्या मालकीच्या इमारतीत राहते, जिथे निम्मे भाडेकरू नोकरी करणारे थाई आहेत. एवढ्याने प्रश्न सुटत नाही. पण जे आपल्या हातात आहे ते करायचं की नाही, हा निर्णय प्रत्येकाचा असतो आणि तो घ्यायला हवा हे तुमचं म्हणणं मला शंभर टक्के मान्य आहे.

कर. माझे पैसे पुण्यातून येतात, त्यावर टीडीएस तिथेच कापला जातो आणि विवरणपत्र भारतात भरते. थायलंडमध्ये एका कॅलेंडर वर्षात १८० दिवस झाले की माणूस तिथला करनिवासी होतो आणि १ जानेवारी २०२४ पासून नियम असा आहे की बाहेर मिळवलेलं उत्पन्न थायलंडमध्ये आणलं तर ते करपात्र धरलं जातं. भारत आणि थायलंडमध्ये दुहेरी कर टाळण्याचा करार आहे, त्यामुळे भारतात भरलेला कर तिथे दाखवता येतो. पण दाखवावा लागतो. त्यांचं वर्ष जानेवारी ते डिसेंबर, आपलं एप्रिल ते मार्च, त्यामुळे पासपोर्टवरच्या प्रत्येक शिक्क्याची तारीख लिहून ठेवते आणि दोन्हीकडे सल्लागाराला पैसे देते. शिवाय तिथल्या बऱ्याच बिलांत सात टक्के व्हॅट असतोच.

व्हिसाचंही तसंच. जुलै २०२४ मध्ये थायलंडने ‘डेस्टिनेशन थायलंड व्हिसा’ सुरू केला. पाच वर्षांचा, एका वेळी १८० दिवस राहता येतं, मुख्यतः दूरस्थ काम करणाऱ्यांसाठी काढलेला. खात्यात पाच लाख बात दाखवावे लागतात, म्हणजे साडेतेरा लाख रुपयांच्या पुढे. थाई कंपनीचं काम त्यावर करता येत नाही. ज्याच्याकडे एवढी पुंजी नाही त्याने फिरायला म्हणून यावं, फिरावं, परत जावं. पर्यटक म्हणून येऊन लॅपटॉप उघडून महिनोन् महिने बसण्याचा सल्ला मी कोणालाच देणार नाही.

तुम्ही विचारलं नाहीत ती गोष्ट मीच सांगते, कारण या सगळ्यात तीच मला जास्त बोचते. फेब्रुवारी ते एप्रिल चियांग माईत धूर असतो. मक्याची ताटं जाळतात, जंगलात वणवे लागतात, म्यानमार आणि लाओसकडूनही धूर येतो, आणि शहर डोंगरांच्या मधल्या खोलगटात असल्याने तो तिथेच कोंडतो. समोरचा दोई सुथेप डोंगर दिवसचे दिवस दिसत नाही. जगातल्या सर्वांत प्रदूषित शहरांच्या यादीत त्या दिवसांत चियांग माई वरच्या क्रमांकावर असते. तिथल्या लोकांनी सरकारविरुद्ध दावा लावला आणि जानेवारी २०२४ मध्ये चियांग माईच्या प्रशासकीय न्यायालयाने ९० दिवसांत तातडीची उपाययोजना आखा असा निकाल दिला. धूर अजून थांबलेला नाही.

त्या महिन्यांत माझ्यासारखे लोक निघून जातात. मीही मिरजेला येते. आई भावाकडे असते, वर्षातला तो काळ मी तिच्याजवळ राहते. तिची डोळ्यांची तपासणी, बँकेची कामं, सगळं तेव्हाच उरकतं. अधेमधे काही झालंच तर बँकॉकमार्गे मुंबई आणि तिथून मिरज, दुसऱ्या दिवशी पोचता येतं. भाऊ-वहिनी आहेत म्हणून हे जमतं आणि त्यांच्यावर भार पडतो, हे आम्ही घरात उघड बोलून ठरवलेलं आहे. पण थानिन बाजारातल्या माझ्या भाजीवालीला धुरातून निघून जाता येत नाही. ती मास्क लावून, डोळे चोळत भाजी निवडत बसते. आपण तिथे राहतो म्हणजे तिच्यासारखं राहतो असं कोणी समजू नये.

आता तुमचा पुतण्या. त्याला राजीनामा देऊ देऊ नका. दूरस्थ कामाच्या त्या व्हिसासाठी नोकरीचा पुरावा लागतो, नाहीतर स्वतंत्र कामाचे करार आणि केलेलं काम दाखवावं लागतं. राजीनामा दिला की त्याच्या हातात यातलं काहीच उरणार नाही. आधी त्याने कंपनीला लेखी विचारावं : परदेशातून काम चालेल का, किती दिवस, ग्राहकांची माहिती देशाबाहेर उघडायला परवानगी आहे का. बऱ्याच कंपन्या यालाच नाही म्हणतात आणि मग पुढचं सगळं तिथेच संपतं. हो म्हणाले तर रजा काढून त्याला आधी नुसतं राहायला पाठवा, आणि डिसेंबरच्या गुलाबी थंडीत नाही, मार्चमध्ये पाठवा. भारतातला आरोग्यविमा बहुधा तिथे चालत नाही, वेगळा घ्यायला सांगा. स्कूटर चालवणार असेल तर दुचाकीचं लायसन्स आणि आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना घेऊनच जाऊ दे. परवान्याशिवाय अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते आणि तिथले रस्तेही जिवावर बेतणारे आहेत.

कंपनीला पाठवायच्या पत्रात काय काय विचारायचं त्याचा मसुदा माझ्याकडे आहे. त्याला मला ईमेल करायला सांगा, मी पाठवते.